मुलांना उभारी देणारी जपानी गाणी : आपापले अनुभव सांगावेत

जपानमध्ये वाढणाऱ्या किंवा भारतात राहून जपानी कार्टून पाहणाऱ्या मराठी मुलांच्या तोंडी जी जपानी गाणी बसतात, त्यांविषयी सर्वांनी येथे लिहावे, अशी विनंती आहे. माझी समजूत अशी आहे की यांतली उत्तम गाणी मुलाला ‘सारे छान आहे’ असे कधी सांगत नाहीत. वाट खडबडीत आहे, लागते, रडू येते, हे ती आधी मान्य करतात आणि मग त्याला चालायला लावतात. म्हणून नुसती नावे न देता कोणते गाणे कोणत्या प्रसंगी कामी आले, ते सविस्तर लिहावे. सुरुवात मी करते.

निशिकासाई, टोकियो

आम्ही येथे आलो तेव्हा मुलगा तीन वर्षांचा होता आणि त्याला जपानीचा एकही शब्द येत नव्हता. बालवाडीच्या दाराशी तो माझी ओढणी सोडत नसे. तेथे मुलांना एकरंगी टोप्या घालून, जोडीजोडीने हात धरून फिरायला नेतात, आणि ती रांग चालत असताना बाई ‘सांपो’ म्हणजे ‘फेरफटका’ हे गाणे म्हणत. मियाझाकी हायाओ यांच्या १९८८ सालच्या ‘माझा शेजारी तोतोरो’ या कार्टून चित्रपटातले हे गाणे नाकागावा रिएको यांनी लिहिले असून चाल हिसाइशी जो यांची आहे. नाकागावाबाई स्वतः अनेक वर्षे बालवाडीत शिकवत होत्या, आणि ते त्या शब्दांत दिसते, कारण चालणाऱ्या लहान पावलांना जे भेटते तेच तेथे ओळीने येते: चढ, बोगदा, गवताळ माळ, एका ओंडक्याचा पूल, खडीचा उंचसखल रस्ता, वाकून पार करायचे कोळ्याचे जाळे आणि मग उतार. तिसऱ्या आठवड्यात एका संध्याकाळी रेल्वेच्या पुलाखालून घरी येताना मुलाने एकदम मुठी हलवत ‘आरुको, आरुको’, म्हणजे ‘चालू या, चालू या’, सुरू केले, आणि ‘वाताशी वा गेन्की’, म्हणजे ‘मी ठणठणीत आहे’, हे त्याचे पहिले पूर्ण जपानी वाक्य ठरले. दुसऱ्या दिवशीही दाराशी त्याचे डोळे भरलेच, पण ओढणी सुटली होती आणि ओठ तेच वाक्य पुटपुटत होते.

सेन्दाई येथे पूर्वी राहणारा एक बाबा

११ मार्च २०११ च्या भूकंपानंतर आमच्या भागात कित्येक दिवस वीज नव्हती, आणि चार वर्षांची मुलगी प्रत्येक हादऱ्याला टेबलाखाली जाऊन बसत असे. बॅटरीवरच्या रेडिओवर बातम्या, पाण्याच्या टाक्यांची ठिकाणे आणि हरवलेल्यांची नावे यांखेरीज काही ऐकू येत नव्हते. एके दिवशी मध्येच अंपानमानचे संचलनगीत लागले. हा अंपानमान म्हणजे आपल्या पुरणाच्या जवळ जाणाऱ्या अझुकी या लाल कडधान्याच्या गोड सारणाने भरलेल्या पावाचे डोके असलेला वीर, जो भुकेल्याला स्वतःच्या चेहऱ्याचा तुकडा तोडून देतो. मुलगी टेबलाखालूनच गाऊ लागली. शेजारच्या आजी आमच्याकडे बसल्या होत्या, त्या तोंडाला रुमाल लावून रडल्या. त्या दिवसांत रेडिओकडे या गाण्याची मागणी सारखी होत होती, हे मला नंतर कळले.

तोवर मी त्याचे शब्द नीट ऐकलेच नव्हते. छातीतली जखम ठसठसत असली तरी जगणे हाच आनंद आहे, असे ते सुरुवातीलाच म्हणते, आणि पुढे विचारते की तू कशासाठी जन्मलास व काय करत जगणार आहेस. बालगीतात असा प्रश्न घालणारे यानासे ताकाशी सैनिक म्हणून चीनमध्ये जाऊन आले होते, त्यांनी भूक पाहिली होती, आणि त्यांचा धाकटा भाऊ युद्धात गेला होता. म्हणूनच त्यांच्या वीराकडे तलवार नाही, पाव आहे. हे गाणे १९८८ मध्ये दूरचित्रवाणीवर आले. लेखक २०१३ मध्ये ९४ व्या वर्षी वारले. मुलगी आता मोठी झाली आहे, तरी त्या टेबलाची आठवण निघाली की आम्ही दोघे आधी गाण्याविषयीच बोलतो.

पुणे, जपानी भाषेच्या शिक्षिका

वरील अनुभवावरून यानासे यांचेच १९६१ सालचे ‘तळहात सूर्याकडे’ हे गाणे आठवले, ज्यात गांडूळ, पाणकिडा असे कुणाच्या खिजगणतीत नसलेले जीवही आपले मित्र ठरतात. ते मी लहानांच्या वर्गात पहिल्याच महिन्यात घेते. पण मला मुख्यतः स्वरांविषयी लिहायचे आहे. जपानी संगीतात ‘योनानुकी’ नावाचा स्वरसमूह आहे. त्याचा शब्दशः अर्थ चौथा आणि सातवा गाळलेला असा होतो, म्हणजे मध्यम आणि निषाद वर्ज्य. आपल्याकडे यालाच आपण भूपाचे स्वर म्हणतो. साकामोतो क्यू यांनी १९६१ मध्ये गायिलेले ‘उए ओ मुइते आरुको’, म्हणजे ‘वर पाहत चालू या’, हे बहुतांशी याच स्वरांत आहे. एइ रोकुसुके यांचे शब्द सांगतात की अश्रू खाली सांडू नयेत म्हणून मान वर करून चालायचे. दुःख नाकारलेले नाही, फक्त ते सांडू द्यायचे नाही. १९६३ मध्ये हे जपानी शब्दांतले गाणे अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेले, तेही एका जपानी पदार्थाच्या नावाने, ज्याचा गाण्याशी काहीही संबंध नव्हता.

माझ्या वर्गात अकरा वर्षांची एक विद्यार्थिनी होती, जिच्या वडिलांना जाऊन चारच महिने झाले होते आणि जी प्रश्नाला मान हलवून उत्तर देत असे. मी पेटीवर सा रे ग प ध असे वाजवून दाखवले, तेव्हा गाणे शिकणाऱ्या त्या मुलीने ‘हा तर भूप’ असे मोठ्याने म्हटले; त्या वर्गात तिचा आवाज मुलांनी प्रथमच ऐकला. पुढच्या तासाला तिने पहिले कडवे पाठ करून आणले. शिट्टीचा भाग आला तेव्हा तिला शिट्टी वाजवता येईना, म्हणून तिने तो ‘आ’कारात गायिला, आणि तो मला मूळ शिट्टीहून अधिक आवडला.

ठाणे

आमच्या मुलाला डोरेमॉन हिंदीतच ठाऊक होता. गणितात सतत मागे पडत असल्यामुळे नोबिता त्याला आपला वाटे. १९७९ सालचे मूळ जपानी गाणे मी त्याला अर्थासह ऐकवले. ‘आकाशात मोकळे उडावेसे वाटते’ या ओळीला तो म्हणाला, ‘बाबा, यात नोबिताला कुणी रागावत नाही.’ मी त्यानंतर अभ्यासाला बसताना आवाज चढवणे सोडले आहे.

योकोहामा

२०१९ मध्ये शाळेच्या क्रीडादिनाला ‘पापुरिका’वर नाच होता. योनेझु केन्शी यांनी रचलेले आणि फूरिन या पाच मुलांच्या गटाने गायिलेले हे गाणे २०२० च्या टोकियो ऑलिंपिक खेळांचे स्वागत म्हणून २०१८ मध्ये आले होते. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या, खेळ पुढे ढकलले गेले, आणि आमच्या इमारतीतील मुले आपापल्या गच्चीत उभी राहून एकाच वेळी तो नाच करू लागली. फूल उमलले की स्वच्छ आकाशात बिया पेरू, हे शब्द तेव्हा फारच निराळे ऐकू आले.

नाशिक, पूर्वी सैतामा

चिचिबू येथील कागेमोरी माध्यमिक शाळेचे मुख्याध्यापक कोजिमा नोबोरु यांनी १९९१ मध्ये निरोपाचे एक गीत लिहिले, संगीतशिक्षिका साकामोतो हिरोमी यांनी त्याला चाल दिली, आणि ते शिक्षकांनी त्या वर्षीच्या मुलांसाठी गायिले. एकदाच गायचे म्हणून केलेले ‘ताबिदाची नो ही नी’, म्हणजे ‘प्रस्थानाच्या दिवशी’, हे गीत आज देशभर शाळा सोडताना गायिले जाते. आमचा मुलगा सहावी पूर्ण करून भारतात परतणार होता, आणि मित्र सुटणार म्हणून महिनाभर गप्प होता. निरोप समारंभात त्याच्या वाट्याला खालचा स्वर आला होता. घरी तो एकटाच म्हटला की चाल अपुरी वाटे, म्हणून वरचा स्वर मी शिकलो. नाशिकच्या नव्या शाळेच्या पहिल्या दिवशी, जिना उतरताना, त्याने आपला भाग सुरू केला आणि माझ्याकडे पाहून थांबला. मी वरचा स्वर धरला, आणि आम्ही तिन्ही मजले गात उतरलो.