रान आणि संवर्धनाच्या नोकऱ्यांसाठी वेगळी सेवा: ब्रिटनमध्ये वाढली, आपल्याकडे हवी का?

रानवाट (धागाकर्ता)

ब्रिटनमध्ये १९९४ पासून ‘कंट्रीसाइड जॉब्ज सर्व्हिस’ नावाची छोटी सेवा चालू आहे. रेंजर, राखीव क्षेत्राचे वॉर्डन, पक्षी आणि वटवाघळांचे सर्वेक्षक, झाडं उतरवणारे, कोकणातल्या गडग्यांसारख्या बिनचुन्याच्या भिंती रचणारे, अशा लोकांसाठीच तिथे जागा येतात. आधी छापील पत्रक होतं, मग ईमेल आणि संकेतस्थळ आलं. तीस वर्षांनंतरही ती टिकून आहे, आणि त्याचं कारण मला जाहिरातीच्या मजकुरात दिसतं.

सर्वसाधारण नोकरीच्या संकेतस्थळावर ‘निसर्गाची आवड हवी, बाहेर काम करण्याची तयारी हवी’ एवढंच असतं. या क्षेत्रातली नीट लिहिलेली जाहिरात असं सांगते: आठवड्याला ३७.५ तास, करार अमुक तारखेपर्यंत, पगार अमुक ते अमुक, ३८० मिलिमीटरपर्यंतच्या खोडाचं झाड चेनसॉने पाडण्याचं प्रमाणपत्र हवं, तणनाशक फवारणीची पीए १ आणि पीए ६ ही दोन्ही हवीत, राहायची सोय आहे की नाही, मुलाखत कोणत्या दिवशी. अर्ज करायचा की नाही, हे उमेदवाराला दोन मिनिटांत ठरवता येतं. नेमणाऱ्यालाही दोनशे निरुपयोगी अर्ज चाळावे लागत नाहीत.

माझं मत स्पष्ट आहे. महाराष्ट्रात अशी मराठी सेवा हवी, आणि लवकर हवी.

कुरणवाला

पूर्ण असहमत. सेवा वाढली म्हणजे काम वाढलं असं नव्हे. रांग वाढली की रांगेचा फलकही मोठा होतो.

ब्रिटनमध्ये या क्षेत्राचं दुखणं पगाराचं आहे. एप्रिल २०२५ ते मार्च २०२६ या काळात तिथलं किमान वेतन ताशी १२.२१ पौंड होतं. ३७.५ तासांच्या आठवड्याने वर्षाचे साधारण २३,८१० पौंड होतात. रेंजरच्या बऱ्याच जागा याच्या थोड्याच वर असतात, आणि त्यासाठी पदवी, दोन-तीन प्रमाणपत्रं आणि ‘प्रत्यक्ष अनुभव’ मागतात. हा अनुभव मिळतो विनामोबदला कामातून. तिथल्या १९९८च्या किमान वेतन कायद्याचं कलम ४४ धर्मादाय संस्थांच्या स्वयंसेवकांना वेतनातून वगळतं. खर्चाची भरपाई, जेवण आणि राहणं दिलं की पुरे. म्हणजे सहा महिने बेटावरच्या झोपडीत राहून पक्षी मोजायचे आणि हातात काही नाही. ज्याच्या घरी पैसा आहे तोच हे करू शकतो. अशा जागा जी सेवा छापते ती या व्यवस्थेला मान्यता देते.

पाणकावळा

कुरणवाला, कलम ४४ बद्दल तुमचं बरोबर, निष्कर्ष मात्र चुकतोय. ती प्रथा संस्थांनी पाडली. पगारी जागा आणि स्वयंसेवकांच्या जागा वेगवेगळ्या रकान्यांत आल्या तर उमेदवाराची फसगत कमी होते. धोका आहे तो ‘इंटर्न’ या नावाखाली दोन्हींची सरमिसळ करण्यात.

काम वाढलं नाही हेही अर्धंच खरं. इंग्लंडमध्ये १२ फेब्रुवारी २०२४ पासून मोठ्या बांधकामांना आणि २ एप्रिल २०२४ पासून छोट्यांनाही जैवविविधतेत १० टक्के निव्वळ वाढ दाखवणं बंधनकारक झालं. ती ३० वर्षं टिकवायची आहे. आधी अधिवासाचं मोजमाप, मग आराखडा, मग वर्षानुवर्षं देखरेख. त्याला माणसं लागतात. कायद्याने मागणी तयार केली की जाहिरातीही येतात, सेवा फक्त त्यांना जागा देते.

हंगामाचा मुद्दा कुणी काढला नाही म्हणून लिहितो. शिखाधारी न्यूट या तळ्यातल्या, पालीसारख्या दिसणाऱ्या उभयचराचं सर्वेक्षण मार्चच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत, आणि निम्म्या फेऱ्या मध्य एप्रिल ते मध्य मे यात बसवाव्या लागतात. वटवाघळांचं मे ते सप्टेंबर. झुडपं आणि झाडं कापायची कामं पक्ष्यांच्या विणीआधी, हिवाळ्यात. म्हणून हंगामी सर्वेक्षकांच्या जागा जानेवारी ते मार्च या काळात निघतात. मे महिन्यात शोधायला बसलेला उमेदवार ते वर्ष गमावतो. सर्वसाधारण संकेतस्थळाला हे वेळापत्रक ठाऊक नसतं.

थेम्सकाठ

इथे वाचणाऱ्या मुलांसाठी आणि त्यांच्या पालकांसाठी एक गोष्ट सांगायलाच हवी. पुण्या-मुंबईहून ब्रिटनमध्ये संवर्धनशास्त्रात एम.एस्सी. करायला येणारी मुलं या सेवेवरच्या जाहिराती पाहून कर्ज काढतात. हिशोब आधी करा.

कुशल कामगार व्हिसासाठी २२ जुलै २०२५ पासून सर्वसाधारण पगाराची अट ४१,७०० पौंड आहे. नव्याने क्षेत्रात येणाऱ्यांना सवलत धरली तरी ३३,४००. रेंजर आणि सहायक वॉर्डनच्या जागा साधारण २५ ते ३० हजारांच्या. त्यामुळे तिथे व्हिसा मिळण्याचा प्रश्नच येत नाही. मोठ्या सल्लागार कंपन्यांतल्या परिसंस्थातज्ज्ञांच्या वरच्या जागांवरच थोडी आशा. शिक्षणानंतरचा पदवीधर व्हिसा दोन वर्षांचा असतो, पण १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्यांना तो १८ महिन्यांचाच मिळेल.

विद्यार्थी व्हिसावर सत्रात आठवड्याला २० तासच काम करता येतं, आणि करारबद्ध, ठरलेल्या कर्तव्यांचं बिनपगारी काम त्या २० तासांत धरतात. सुटं, बंधन नसलेलं स्वयंसेवन धरत नाहीत. संस्था दोन्हींना एकच नाव देतात, म्हणून लेखी विचारून घ्या. एम.एस्सी.च्या उन्हाळ्यात प्रबंधाचं काम चालू असतं, ती सुट्टी समजू नका, २० तासांची मर्यादा तेव्हाही असते.

वाहन परवान्याचंही पाहा. भारतीय परवाना ब्रिटनमध्ये राहायला आल्यापासून १२ महिनेच चालतो आणि तो बदलून मिळत नाही, लेखी आणि रस्त्यावरची परीक्षा द्यावी लागते. ती ऑटोमॅटिक गाडीवर दिली तर गिअरची गाडी चालवता येत नाही, आणि राखीव क्षेत्रावरची पिकअप बहुधा गिअरचीच असते.

कुरणवाला

थेम्सकाठ, नेमकं हेच मी म्हणतोय. जाहिरातींची यादी पाहून क्षेत्रात मुबलक काम आहे असं वाटतं.

गवताळ

आता महाराष्ट्राकडे येऊ. इथे वनरक्षक राज्याच्या भरतीतून येतो: लेखी परीक्षा, मग धावणं, पुरुषांना ५ किलोमीटर आणि महिलांना ३. ती जागा या सेवेवर येणारच नाही. उरतात ती व्याघ्र प्रकल्पांच्या प्रतिष्ठानांची कंत्राटी पदं, संशोधन प्रकल्पांचे फिल्ड असिस्टंट, कंपन्यांच्या सामाजिक दायित्व निधीतली पाणलोटाची आणि वृक्षलागवडीची कामं, आणि संस्थांचे समन्वयक. बहुतेक जागा ११ महिन्यांच्या. जाहिरातीत ‘मानधन पात्रतेनुसार’ असं लिहितात.

पगार कमी का, तर निधीचे नियमच तसे आहेत. २०२० च्या दुरुस्तीनंतर परदेशी देणगीतून प्रशासकीय खर्च २० टक्क्यांच्या वर करता येत नाही, आधी ही मर्यादा ५० होती. सामाजिक दायित्व निधीत तर ५ टक्के. संस्था माणसांवर खर्च करू शकतच नाही, मग तुमची सेवा काय करणार?

पाणकावळा

गवताळ, हे आकडे बरोबर असूनही अर्थ चुकीचा लावला जातो, आणि त्याचा तोटा कामगारालाच होतो. ५ टक्क्यांची मर्यादा कंपनीने हा निधी हाताळताना केलेल्या सर्वसाधारण प्रशासनाला आहे. प्रत्यक्ष प्रकल्पाची आखणी, अंमलबजावणी आणि देखरेखीचा थेट खर्च तिच्यात येत नाही. जंगलात कॅमेरा ट्रॅप (प्राण्यांचे आपोआप फोटो काढणारे कॅमेरे) लावणाऱ्याचा पगार हा प्रकल्पाचा खर्च आहे. परदेशी देणगीच्या नियमांतही, संशोधन आणि प्रशिक्षण हेच मुख्य काम असलेल्या संस्थेने क्षेत्रीय माहिती गोळा करायला नेमलेल्या माणसाचा पगार प्रशासकीय खर्चातून वगळला आहे.

चूक होते ती प्रस्ताव लिहिताना. ‘मनुष्यबळ’ अशी एकच ओळ टाकली की देणगीदार ती प्रशासनात ढकलतो. ‘फिल्ड असिस्टंट २, महिने १२, दरमहा इतके, गाडीखर्च, विमा’ अशी कामानुसार फोड केली तर ती टिकते. मुदतीचंही तसंच. दायित्व निधीचा चालू प्रकल्प सुरुवातीचं आर्थिक वर्ष सोडून आणखी तीन वर्षं चालवता येतो, मग माणसाचा करार ११ महिन्यांचाच का?

रानवाट (धागाकर्ता)

पाणकावळा, आभार. थेम्सकाठ, तुमची सूचना धाग्याच्या वर लावतोय.

सेवा काढायची तर नियम आधी ठरवू. पगाराचा आकडा नसेल तर जाहिरात घ्यायची नाही. कराराचे महिने, मुक्कामाची सोय, स्वतःची दुचाकी लागते का आणि पेट्रोल कोण देणार, भविष्य निर्वाह निधी आणि अपघात विमा आहे का, रात्रीची गस्त आहे का, महिलांसाठी राहायची वेगळी जागा आहे का, हे रकाने भरल्याशिवाय प्रसिद्धी नाही. बिनपगारी जागा वेगळ्या पानावर, आणि ३० दिवसांहून जास्त असेल तर नाहीच.

काजवा

आणि ज्याला तळातलं काम हवंय तो हे वाचणार कुठे? मेळघाटातला कोरकू तरुण, गडचिरोलीतला माडिया मुलगा पायाचे ठसे आणि झाडं ओळखण्यात कुणाला हार जाणार नाही, पण संकेतस्थळावर येणार नाही. जागा त्याच्या गावच्या जंगलात निघते आणि नेमणूक शहरातल्या पदवीधराची होते. तुमच्या सेवेने ही दरी वाढेल. पदवीची अट काढून ‘ओळखता येतात अशा ३० वनस्पती, चालता येतात असे १२ किलोमीटर’ अशी कामाची कसोटी लिहायला लावा. जाहिरात एका पानात बसवून ग्रामपंचायतीच्या फलकावर आणि वनपरिक्षेत्र कार्यालयात लागली पाहिजे. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला आणि २०११ मध्ये बांबू विकण्याची मोकळीक. असा हक्क मिळालेल्या ग्रामसभा स्वतः बांबू तोडून विकू शकतात आणि मजूर लावू शकतात. त्या नेमणाऱ्या आहेत, हे लक्षात घेऊन त्यांच्यासाठी जाहिरात फुकट ठेवा.

कुरणवाला

काजवाच्या या मुद्द्यावर मी सहमत. पण मग पैसा कुठून? उमेदवाराकडून वर्गणी घेतली तर महिन्याला १२ हजार कमावणाऱ्यावरच बोजा पडेल. घेणार असाल तर माझा विरोध कायम.

रानवाट (धागाकर्ता)

उमेदवाराकडून एक पैसाही घ्यायचा नाही. ग्रामसभा आणि छोट्या संस्थांना फुकट, कंपन्या आणि सल्लागार संस्थांना प्रत्येक जाहिरातीमागे शुल्क. जाहिरात आली की संस्थेचा नोंदणी क्रमांक तपासायचा, दिलेल्या क्रमांकावर फोन करून पगार आणि करार दोन्ही विचारायचे, मगच टाकायची. आठवड्याला वीस जाहिराती आल्या तर हे काम एका माणसाला दोन दिवस पुरेल. कोण हे दोन दिवस देऊ शकेल ते इथे लिहा, आणि काजवा, ग्रामपंचायतीच्या फलकासाठीच्या एका पानाचा मसुदा तुम्ही द्या.