मदत हवी आहे: चौथा महिना, लोकलमध्ये जागा कशी मागू?

मैत्रिणींनो, मला चौथा महिना चालू आहे. रोज सकाळी डोंबिवलीहून दादरला फास्टने जाते, लेडीज डब्यातून. पोट अजून दिसत नाही, त्यामुळे कुणाला कळत नाही. पण या महिन्यांत चक्कर आणि मळमळ इतकी आहे की मुंब्र्यापर्यंतच हातपाय गळून जातात.

आपल्याकडे जागेचा हिशोब ठरलेला असतो. चढल्या चढल्या बसलेल्या बाईला "कुठे उतरणार?" विचारायचं आणि ती उतरली की तिची जागा आपली, असं धरून ठेवायचं. त्यात मध्येच "मला बसू द्या" म्हणायला जीभ रेटत नाही. बसलेली बाईही पहाटे पाचला उठून, डबे भरून आलेली असते, हे मला कळतं. काल एका मावशींनी माझा चेहरा बघून न विचारता चौथ्या सीटवर, म्हणजे तिघींच्या बाकावर कडेला, सरकवून घेतलं. मला अक्षरशः रडू आलं.

ज्यांनी गरोदरपणात लोकल केली आहे त्यांनी सांगा: नेमकं काय म्हणायचं? सगळ्या डब्याला ऐकू जाईल असं, की एकीलाच हळूच? दिव्यांगांच्या डब्यात गरोदर बायकांना परवानगी आहे, पण पोट दिसत नसताना तिथे डॉक्टरांचा कागद दाखवावा लागतो का? आणि सकाळच्या गर्दीत त्या डब्यात तरी चढता येतं का? घरी सासूबाई म्हणतात सुट्टी घे, पण बाळंतपणाची रजा मला आत्ताच संपवायची नाही.