तंगाचा पट्टा फाटला. मोठी मशीन घ्यावी का?

सीटकव्हरवाला_द्वारका:
नमस्कार मंडळी. नाशिकला द्वारकेजवळ माझं टू-व्हीलर सीट कव्हरचं दुकान आहे, 11 वर्षं झाली. रेक्झिन, फोम, पायपिंग म्हटलं की डोळे मिटून हात चालतो. कातड्यात मात्र मी नवखा.

गेल्या लग्नसराईत पंचवटीतले एक घोडीवाले मामा जीन घेऊन आले. म्हणाले, तंगाचा पट्टा, घोडीच्या पोटाखालून जीन आवळायचा तो, नवीन करून दे, तुझ्याकडे मशीन आहेच. मी सोफ्याचं कातडं दोन पदरी घेतलं, अंब्रेला मशीनला 18 नंबरची सुई लावली, नायलॉनचा दोरा ओवला आणि मजबूत व्हावं म्हणून टाका अगदी बारीक ठेवला. इंचाला 12. वर त्याच ओळीवरून परत एकदा शिलाई मारली. दिसायला झकास.

तिसऱ्याच वरातीत नवरदेव रिकिबीत पाय ठेवून चढत होता, तेवढ्यात जीन त्याच्यासकट घोडीच्या पोटाकडे फिरलं. लगाम मामांच्या हातात होता आणि घोडी जुनी, शहाणी, जागची हलली नाही. नवरदेवाला बँडवाल्यांनी वरच्या वर झेललं. फेटा तेवढा घोडीच्या पायाखाली गेला. कुणाला काही लागलं नाही, पण मामांनी पैसे परत मागितले नाहीत त्याचंच मला जास्त लागलंय.

आता विचारायचं ते असं. जाड कातड्यावर माझी मशीन मधूनच टाकाही सोडते. वॉकिंग फूटची, म्हणजे जिचा वरचा फूटही माल पुढे सरकवतो अशी, मोठी मशीन घेऊन टाकावी म्हणतो. 2027 चा सिंहस्थ तोंडावर आलाय, मिरवणुकांना घोडे लागतील, काम येईल. कोणती घेऊ?

टांगेवाल्याचा_पोरगा:
मशीन राहू द्या बाजूला. तो फाटलेला पट्टा आहे का अजून? असला तर बघून सांगा, दोरा तुटलाय की कातडं?

सीटकव्हरवाला_द्वारका:
आहे ना दादा, गल्ल्याच्या खणातच ठेवलाय. आत्ता बाहेर काढून बघितला. दोरा एकही तुटलेला नाही! कातडंच फाटलंय, टाक्यांच्या ओळीवरून सरळ. पोस्टाचं तिकीट फाडावं तसं.

टांगेवाल्याचा_पोरगा:
वाटलंच होतं.

भाऊ, रेक्झिनला मागे कापड असतं, म्हणून तिथे बारीक टाका चालून जातो. कातड्याला तसं काही नाही. सुई गेली की भोक कायमचं. इंचाला 12, वर दुसरी फेरी, म्हणजे 24 भोकं. तुम्ही पट्टा शिवला नाही, फाडायची रेघ आखून दिली. आणि बक्कल धरायला दुमड घातली असेल तिथे शिलाई आडवी मारली असणार. बरोबर? तंगाला ओढ बसते लांबीने. तिथे आडवी ओळ आली की सगळा भार त्या भोकांच्या रांगेवर. ओळी नेहमी पट्ट्याच्या लांबीने घ्यायच्या, दोन्ही कडांनी, आणि टाका 4 मिलिमीटरचा.

दुसरी चूक कातड्याची. सोफ्याचं कातडं क्रोमच्या क्षारात कमावलेलं, मऊ, ताणलं जाणारं. तंगाला बाभळीच्या सालीत नाहीतर हिरड्यात कमावलेलं, 4 मिलिमीटर जाडीचं घ्या. 2015 च्या गोवंश हत्याबंदी कायद्यानंतर आपल्याकडे बैलाचं बंद झालं, म्हशीचं मिळेल, ते चालतं. फक्त पाठीचा भाग मागून घ्या. पोटाचं स्वस्त देतात, पण ते महिन्याभरात लांबतं आणि मग घोडीवाला रोज एक भोक पुढे घेत बसतो.

आता मुख्य गोष्ट. तंग, रिकिबीचा पट्टा आणि लगाम, या तीन ठिकाणी मी मशीन लावतच नाही. मशीनचा टाका म्हणजे वरचा दोरा आणि खालचा दोरा कातड्याच्या मधोमध एकमेकांत अडकलेले. वरचा एका जागी झिजून तुटला की खालच्याला धरायला काही उरत नाही, शेजारचे टाके सैल पडत जातात. हाताच्या शिलाईत दोरा एकच, त्याच्या दोन टोकांना दोन सुया, आणि प्रत्येक भोकातून दोन्ही सुया जातात, एक इकडून, एक तिकडून. एक बाजू घासून गेली तरी दुसरी धरून ठेवते.

वडिलांचा टांगा होता. रात्री घोडा सोडला की ते ओट्यावर बसून दोन फळ्यांचा चिमटा गुडघ्यांत धरायचे, त्यात पट्टा, तोंडात एक सुई. दोऱ्याला मेण लावायचं काम माझं. मेण कमी लागलं की दोरा भोकातून जाताना कुरकुरतो, ते त्यांना न बघता कळायचं आणि टपली बसायची. आरी भोक पाडायला आत घातली की ती काढता काढताच सुई मागोमाग द्यायची, नाहीतर भोक मिटतं. शेवटचे तीन टाके उलटे मागे घ्यायचे. गाठ मारायची नाही.

आणि जुनं कातडं नव्याला जोडायच्या आधी बोटावर दुमडून बघा. बारीक चिरा दिसल्या तर ते मेलेलं आहे. घामाच्या मिठाने मरतं. त्यावर कितीही चांगली शिलाई घाला, शेजारी फाटणारच. अशा वेळी गिऱ्हाइकाला सरळ नाही म्हणायचं.

मशीनमिस्त्री_सातपूर:
टाका सुटतो त्याचं मी सांगतो. सुई वर येताना जाड कातडं तिला चिकटून वर उचललं जातं. मग सुईच्या मागे दोऱ्याचा फास पडत नाही आणि हुकाला धरायला काही सापडत नाही. आधी फूटचा, म्हणजे कातडं दाबून धरणाऱ्या पायाचा, दाब वाढवा. सुई कापडाच्या टोकाची असेल तर बदला, एलआर टोकाची घ्या. ती तिरका काप देते, कातड्यातून सुटीही पटकन होते. अर्धं दुखणं तिथेच जाईल.

मशीन घ्यायचीच तर जुकीच्या 1508 गटातली टेबलाची घ्या. सुई, फूट आणि खालचे दात तिन्ही बरोबर सरकतात, 138 नंबरचा दोरा आरामात चालतो, सीट कव्हरलाही रोज कामाला येईल. 441 गटातली लांब हाताची मशीन पाऊण इंच कातडं शिवते, त्याहून जाड 346 चा दोरा घेते, पण तुमच्या दुकानात ती आठवड्यातले सहा दिवस झाकूनच राहील. आणि क्लच मोटर देत असतील तर नको म्हणा, हळूही चालवता येते ती सर्व्हो मागा. कातडं एकेक टाका मोजत शिवायचं असतं. क्लचवर पाय जरा जास्त पडला की सात-आठ टाके पुढे गेलेले असतात, आणि दादा म्हणाले तसं, भोक बुजत नाही.

गंगापूररोड_रपेट:
घोडीवाल्या मामांना माझ्याकडून एक सांगा. नवरदेवाला ओट्यावरून नाहीतर स्टुलावरून चढवा. खालून रिकिबीवर लोंबकळत चढला की सगळं वजन एका बाजूच्या पट्ट्यांवर येतं. आणि वरात निघायच्या आधी तंग दुसऱ्यांदा ओढायचा. पहिल्यांदा ओढताना घोडी पोट फुगवून धरते.

सीटकव्हरवाला_द्वारका:
दहा दिवसांनी लिहितोय. मशीन घेतली नाही अजून. अंब्रेलाचा दाब वाढवला, सुई बदलली, टाका सुटायचा थांबला. म्हशीच्या पाठीचं कातडं आणलं, आरी आणली, आणि काल मामांचा पट्टा हाताने शिवला. 11 इंच शिवायला 2 तास 20 मिनिटं. डाव्या अंगठ्याला पट्टी आहे. मामांकडून अर्थातच काही घेणार नाही, पण पुढच्या गिऱ्हाइकाला किती सांगायचे?

फोटो टाकलाय, बघा.

टांगेवाल्याचा_पोरगा:
हा फोटो पुढच्या बाजूचा झाला. मागच्या बाजूचाही टाका. पैशाचं मग बोलू.

सीटकव्हरवाला_द्वारका:
टाकतो दादा. मागे चार-पाच टाके वाकडे गेलेत, आधीच सांगून ठेवतो.