विमानतळावर रात्र काढावी लागली तेव्हा तुम्ही कुठे झोपलात?

दोन विमानांच्या मधला वेळ दिवसाचा असला तर तो कसाही निघून जातो. रात्रीचा असला तर मात्र पाठ टेकायला जागा मिळेल की नाही, याच एका प्रश्नाभोवती सगळा प्रवास फिरू लागतो. रात्री अकराला उतरायचे आणि सकाळी आठला पुढचे विमान पकडायचे, अशी तिकिटे बहुधा इतरांपेक्षा स्वस्त असतात, म्हणून ती आपण घेतो आणि झोपेचा विचार नंतरवर ढकलतो. अशा रात्री ज्यांनी काढल्या आहेत त्यांनी आपले अनुभव इथे आपापल्या टोपणनावाखाली लिहावेत, ही विनंती. विमानतळाचे नाव, टर्मिनल, तुम्ही इमिग्रेशनच्या आत होतात की बाहेर आणि शेवटी कुठे आडवे झालात, एवढे तरी जरूर लिहावे. ‘विमानतळ फार सुंदर आहे’ एवढ्याने झोपू पाहणाऱ्याचे काही भागत नाही.

सुरुवात मीच करते. माझ्या अनुभवाने झोपायची जागा विमानतळावर पोहोचल्यावर नव्हे, तर तिकीट काढतानाच ठरून गेलेली असते. दोन्ही विमाने एकाच पीएनआरवर असली, की सामान सहसा थेट शेवटच्या विमानतळापर्यंत जाते आणि आपण ट्रान्झिट भागातच, म्हणजे इमिग्रेशन न ओलांडता आतच, राहू शकतो. झोपण्याच्या बऱ्या सोयी, म्हणजे शांत खोल्या, पॉड (एकट्यापुरते झोपण्याचे बंद कप्पे) आणि ट्रान्झिट हॉटेले, बहुतेक याच भागात असतात. दोन वेगळी तिकिटे काढली असली, तर सामान घेण्यासाठी इमिग्रेशन ओलांडून बाहेर यावे लागते, त्यासाठी व्हिसा लागू शकतो, आणि बाहेर आल्यावर पुढच्या विमानाचे चेक-इन काउंटर उड्डाणाच्या जेमतेम तीनेक तास आधी उघडत असल्याने, मधली सगळी रात्र सुटकेसवर पाय ठेवून काढावी लागते. एकच तिकीट असूनही काही ठिकाणी हा नियम चालत नाही. अमेरिकेत ट्रान्झिट प्रवाशालाही सहसा पहिल्या विमानतळावर इमिग्रेशन करून, सामान उचलून, ते पुन्हा जमा करावे लागते. शेंगेन देशांत, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांत, तुमचे पुढचे विमान दुसऱ्या शेंगेन देशात जाणार असेल, तर पासपोर्ट तपासणी पहिल्याच विमानतळावर होते, म्हणजे तुम्ही त्या क्षणी शेंगेन क्षेत्रात दाखल झालेले असता.

रात्रपाळी

मी कामानिमित्त बरीच फिरते आणि एकटी फिरते, त्यामुळे जागा निवडताना आरामाच्या आधी मी आजूबाजूला कोण आहे हे पाहते. या दृष्टीने मला दोहाचा हमाद विमानतळ आवडतो. २०१४ साली सुरू झालेल्या या विमानतळावर ट्रान्झिट भागात स्त्रियांसाठी आणि पुरुषांसाठी वेगवेगळ्या शांत खोल्या आहेत. आत मंद दिवे आणि मागे कलणाऱ्या खुर्च्या असतात आणि कोणतेही शुल्क नसते. मध्यरात्रीनंतर तिथे एकामागून एक विमाने येत राहतात, त्यामुळे खुर्च्या भरलेल्या असतात. पण विमाने जातही असल्याने पंधरा-वीस मिनिटे दाराशी थांबल्यास कोणीतरी उठतेच. मागच्या खेपेस माझ्या शेजारच्या बाईंनी गजराचा पहिला सूर उमटताच फोन पोटाखाली दाबला आणि तशाच पालथ्या पडून, खोलीतल्या इतर कोणाची झोप न मोडता, तो बंद केला. हे कौशल्य सर्वांकडे नसते, म्हणून गजर कंपनावर ठेवावा आणि फोन अंगाला लागून असावा.

एक सूचना खोलीतल्या गारव्याविषयी. बाहेर वाळवंटाचा उन्हाळा असला तरी आत वातानुकूलन इतके असते की पहाटे तीनच्या सुमारास दात वाजू लागतात. मोजे आणि एक शाल हातसामानातच हवी. मोठ्या बॅगेत टाकलेली शाल त्या वेळी विमानतळाच्या पोटात कुठेतरी असते.

पाठपिशवी

सिंगापूरच्या चांगी विमानतळाचे नाव कोणीतरी घेणारच होते, ते मी घेतो. ट्रान्झिट भागात विनाशुल्क झोपण्याच्या जागा आहेत, पण त्या थोड्या आहेत आणि रात्री दहा-अकरालाच भरतात. लोकांची गल्लत होते ती ज्वेलबाबत. २०१९ साली उघडलेले ते धबधब्याचे प्रसिद्ध संकुल इमिग्रेशनच्या बाहेर आहे. व्हिसा असेल तर खुशाल जावे, मात्र रात्री उशिरा परत आत यायचे असल्यास पुढच्या विमानाचा बोर्डिंग पास आधीच हाती असावा, नाहीतर चेक-इन उघडेपर्यंत बाहेरच थांबावे लागते.

माझी स्वतःची आवडती जागा कुठल्याही नावाच्या खोलीत नसते. दोन तास पायपीट करून मी अशी गेटे शोधतो, जिथून सकाळी सातपर्यंत एकही विमान नाही. फलकावरून हे सहज कळते. अशा गेटाशी गालिचा असतो, घोषणा तुरळक असतात आणि सफाईचे मोठे यंत्र रात्रीतून एकदाच येते. ते यंत्र फिरून गेल्यावरच अंथरूण घालावे.

दोन तिकिटे दीड प्रवासी

वरच्या सर्वांच्या सूचना प्रौढांसाठी उत्तम आहेत. आमच्याबरोबर अडीच वर्षांची मुलगी होती, आणि लहान मुलाला खुर्चीत झोपवण्याचा प्रयत्न करणाऱ्यांनी तो सोडून द्यावा, असे मी स्पष्टच सांगते. बाकांना मधोमध हात असतात, मूल कुशीवर वळले की त्याला लागते, आणि शेवटी ते तुमच्या मांडीवर झोपते, म्हणजे तुम्ही बसूनच राहता. जमीन केव्हाही बरी. भिंतीचा कोपरा पाहून आम्ही खाली योगासनांची घडीची चटई, वर जाड चादर घातली, मुलीला भिंतीकडे आणि बॅगांना बाहेरच्या बाजूला ठेवले, आणि दोघांनी पाळीपाळीने झोप घेतली.

याहून महत्त्वाचे म्हणजे बाबागाडी. पहिल्या विमानाच्या दाराशी ती जमा करताना, ती मधल्या विमानतळावर परत हवी आहे की थेट शेवटच्या, हे स्पष्ट सांगून तिच्यावरची चिठ्ठी वाचून घ्यावी. न सांगितल्यास ती पुढे निघून जाते आणि झोपलेले मूल आणि दोन बॅगा घेऊन टर्मिनलच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत जावे लागते. प्रार्थनेच्या खोलीत झोपू नये, हेही सांगून ठेवते. ती रिकामी दिसली तरी तिथे येणाऱ्याला आपल्या अंथरुणाला वळसा घालून जावे लागते.

निवृत्त

वयाच्या या टप्प्यावर मी जमिनीवर झोपत नाही, आणि टर्मिनलच्या आतले हॉटेल परवडत असेल तर कोणीही झोपू नये असे माझे मत आहे. ही खर्चाची नसून हिशेबाची गोष्ट आहे: दुसऱ्या दिवशी अंग आंबून वाया जाणारा वेळ त्यात धरावा. यातली बरीच हॉटेले तासांवर खोली देतात, त्यामुळे पूर्ण रात्रीचे भाडे भरावे लागतेच असे नाही. म्युनिकच्या टर्मिनल २ मध्ये नॅपकॅब नावाच्या छोट्या बंद खोल्या आहेत, ज्यांत पलंग, मेज आणि विमानांच्या वेळांचा पडदा यांखेरीज काही नसते, आणि काही लागतही नाही.

दोन गोष्टी मात्र डोळ्यांत तेल घालून पाहाव्यात. पहिली, हॉटेल आत आहे की बाहेर. इस्तंबूलच्या नव्या विमानतळावर योटेल या एकाच हॉटेलाचे दोन भाग आहेत, एक ट्रान्झिट भागात आणि एक बाहेरच्या बाजूला. आरक्षण करताना दोन्हींची नावे सारखीच दिसतात, आणि व्हिसा नसलेल्या माणसाने बाहेरची खोली घेतली तर तो तिच्यापर्यंत पोहोचूच शकत नाही. दुसरी, तारीख. तुम्ही १५ तारखेला रात्री साडेबाराला उतरणार असाल आणि हॉटेल तासांवर नव्हे तर रात्रीवर खोली देत असेल, तर आरक्षण १४ तारखेचे करायचे असते. १५ तारखेचे केल्यास खोली त्या दुपारी मिळते, आणि तोवर तुम्ही पुढच्या देशात पोहोचलेले असता.

निशाचर

‘निवृत्त’ यांच्याशी मी सहमत आहे, पण आणखी एक प्रश्न सगळ्यांत आधी विचारायला हवा: विमानतळ रात्री उघडा असतो का? अनेक शहरांत रात्रीच्या उड्डाणांना बंदी आहे. फ्रँकफर्टला २०११ पासून रात्री ११ ते पहाटे ५ नियोजित उड्डाणे होत नाहीत, तरी इमारत उघडी राहते, त्यामुळे शांतता हवी असणाऱ्याला ते एक प्रकारे सोयीचेच आहे. सिडनीलाही रात्री ११ ते सकाळी ६ उड्डाणबंदी आहे. तिथे मात्र आंतरराष्ट्रीय टर्मिनलच रात्री बंद होते, म्हणून बाहेर खोली घेण्यावाचून गत्यंतर नाही. एका लहान विमानतळावर, ज्याचे नाव मी घेत नाही, बाराच्या ठोक्याला रक्षकाने एकेक दिवा मालवत आम्हा सात-आठ जणांना दाराकडे नेले. दाराबाहेर बसथांबा होता आणि पाऊस होता. चारला तेच रक्षक दार उघडायला आले आणि त्यांनी प्रत्येकाला तितक्याच अदबीने शुभ सकाळ म्हटले.

बाकांच्या हातांचा विषय वर आला म्हणून सांगतो. मेहरान करीमी नासेरी हे इराणी गृहस्थ कागदपत्रांच्या गुंत्यामुळे १९८८ ते २००६ पॅरिसच्या शार्ल द गोल विमानतळाच्या टर्मिनल १ मध्ये राहिले आणि तिथल्याच एका लाल बाकावर झोपत. २०२२ साली त्यांचा मृत्यूही त्याच विमानतळावर झाला. आपली एका रात्रीची तक्रार करताना मला ते आठवतात, आणि मग मी तक्रार करतो ती जरा खालच्या आवाजात.

हक्काचा माणूस

इथे सगळ्यांनी ठरवून केलेल्या मुक्कामाविषयी लिहिले आहे. पण विमान चुकल्याने किंवा उशिरामुळे रात्र अंगावर आली असेल, तर झोपण्याची जबाबदारी बऱ्याचदा विमानकंपनीची असते, आणि हे कोणी आपणहून सांगत नाही. युरोपीय संघाच्या २००४ सालच्या २६१ क्रमांकाच्या नियमानुसार, तिथल्या विमानतळावरून निघणारे विमान रद्द झाल्याने किंवा दुसऱ्या दिवसावर गेल्याने रात्र काढावी लागली, तर हॉटेल आणि तिथवर जाण्या-येण्याची सोय कंपनीने करायची असते. कारण हवामानाचे असले तरी ही सोय सुटत नाही. भारतात डीजीसीए या विमान वाहतूक नियामक संस्थेच्या नियमांप्रमाणे रात्री ८ ते पहाटे ३ या वेळात सुटणाऱ्या विमानाला सहा तासांहून अधिक उशीर होणार असेल, तर हॉटेल द्यावे लागते, मात्र इथे हवामानासारख्या कंपनीच्या आवाक्याबाहेरच्या कारणांना सूट आहे.

आमच्या वेळी काउंटरवरच्या माणसाने आधी खुर्च्यांकडे बोट दाखवले. मी नियम छापलेला कागद पुढे केला, आवाज न चढवता ‘लेखी नकार द्या’ एवढेच म्हटले, आणि वीस मिनिटांत हॉटेलचे व्हाउचर आले. ट्रान्झिट काउंटर रात्री बंद होतात, म्हणून आधी तिकडे जावे आणि जागा नंतर शोधावी. काही मोठ्या कंपन्या आपल्या मुख्य विमानतळावर दोन विमानांमधल्या लांबच्या थांब्यासाठीही (लेओव्हर) हॉटेल देतात, परंतु त्याची मागणी प्रवासाच्या आधीच नोंदवावी लागते.

चाफा

माझे प्रश्न वेगळे आहेत. आई-बाबा पुढच्या महिन्यात पहिल्यांदाच दोघेच प्रवास करणार आहेत, मध्ये नऊ तासांची रात्र आहे, आणि दोघांसाठी व्हीलचेअर मागितली आहे. त्यांना ट्रान्झिट हॉटेलात पाठवावे की गेटाशी बसू द्यावे?

निवृत्त

हॉटेलात पाठवावे, मात्र त्यांचे पुढचे विमान ज्या टर्मिनलमधून सुटते त्याच टर्मिनलमधल्या. व्हीलचेअरचे मदतनीस प्रवाशांना सहसा एका ठरावीक प्रतीक्षाकक्षात आणून बसवतात आणि विमानाच्या वेळेला परत येतात. रात्री त्यांची पाळी बदलते आणि नव्या माणसाला तुमचे आई-बाबा हॉटेलात आहेत हे ठाऊक नसते. म्हणून एका कागदावर विमानाचा क्रमांक, सुटण्याची स्थानिक वेळ आणि किती वाजता न्यायला यायचे ते मोठ्या अक्षरांत इंग्रजीत लिहून, एक प्रत हॉटेलच्या स्वागतकक्षात आणि एक मदतनिसाकडे द्यायला सांगावी. स्वागतकक्षाला उठवण्याचा फोनही करायला सांगावे, कारण नेटवर्क न मिळालेला मोबाइल कधीकधी घरचीच वेळ दाखवत राहतो आणि गजर त्याच वेळेने वाजतो. शिवाय हल्ली अनेक विमानतळांवर घोषणाच केल्या जात नाहीत. गेट बदलले तर ते फक्त फलकावर दिसते. आणि त्यांची रात्रीची औषधे मोठ्या बॅगेत जात नाहीत ना, हे तुम्ही स्वतः पाहावे.