आमचं घड्याळ दहा मिनिटं पुढे आहे (अनुभव धागा)

नाशिकच्या जुन्या तांबट लेनमधल्या आमच्या वाड्यात ओसरीवर लंबकाचं घड्याळ होतं. दर रविवारी सकाळी आजोबा स्टुलावर चढून त्याला चावी द्यायचे आणि काटा मुद्दाम दहा मिनिटं पुढे ठेवायचे, म्हणजे शाळा-कचेरीला कुणाचा उशीर नको. १९८८च्या ऑक्टोबरात दूरदर्शनवर 'महाभारत' सुरू झालं. अख्खा वाडा टीव्हीपुढे. हरीश भिमानींचा धीरगंभीर आवाज यायचा, 'मैं समय हूँ', तेव्हा ओसरीवर नऊ वाजून दहा-बारा मिनिटं झालेली. मी सात वर्षांची. मला कित्येक महिने वाटत होतं की हा समय दर रविवारी उशिरा येतो, आणि त्याला कुणी रागवत कसं नाही!

सिनेमा, गाणं, कविता, चित्र, नाटक, कशातलंही चालेल. तिथून उठून तुमच्या घरात येऊन बसलेलं घड्याळ असेल तर लिहा. वेळेचं महत्त्व सांगणारे सुविचार नकोत, ते रोज सकाळी व्हॉट्सॲपवर येतातच.

खडू-डस्टर

केशवसुतांची 'घड्याळ' कविता वर्गात घेत होतो. 'आला क्षण – गेला क्षण' हे पालुपद लंबकाच्या झोक्यावर म्हणून बघा, एका झोक्याला येतो, दुसऱ्याला जातो. पोरांना म्हटलं, भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत म्हणा. आता वर्गातल्या घड्याळाचा सेल संपत आलेला. अशा वेळी सेकंदकाटा कुठे अडकतो माहितीय ना? आठ आणि नऊच्या मध्ये, चढावर. तिथेच नुसता थरथरत होता, पुढे सरकायचं नाव नाही. मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, हा क्षण येतोय, पण जाईचना!"

पुढची दोन कडवी हसण्यात गेली. सेल मी अजून बदललेला नाही.

पाठांतर कच्चं

राज्य नाट्य स्पर्धेचा प्रयोग. दिवाणखान्याच्या सेटवर घड्याळ हवंच, म्हणून एकाच्या घरून आणलं. ते बंद होतं आणि बंदच हवं होतं, कारण पहिल्या अंकात दुपारचे चार वाजलेले असतात. काटे चारवर लावले, निर्धास्त झालो. पडदा उघडला, मी खिडकीशी जाऊन म्हणालो, "चारची गाडीसुद्धा गेली." प्रेक्षागृहात खसखस. वळून बघतो तर घड्याळात सात पंचवीस, आणि ते टकटक चालू! कुणीतरी सेल घालून वेळही लावून ठेवली होती, तीही अगदी बरोबर. मी सुचेल ते बोललो, "बाबा गेल्यापासून हे असंच चालतं." कसंबसं निभावलं. पण दुसरा अंक 'दोन वर्षांनंतर'चा. दोन वर्षांत घड्याळ पन्नास मिनिटं पुढे गेलेलं.

सेल कुणी घातला ते आजतागायत कळलं नाही.

रात्रपाळी

@पाठांतर कच्चं, तुमचं नाटक काळाच्या पुढे होतं हो! ख्रिश्चन मार्क्लेची 'द क्लॉक' (२०१०) ही कलाकृती अशीच आहे. चोवीस तासांची फिल्म, सगळी घड्याळं दिसणाऱ्या हजारो सिनेमांच्या तुकड्यांची. पडद्यावर सात पंचवीस असतील तर बाहेरही सात पंचवीसच. तुम्ही फुकटात केलंत, त्याला व्हेनिसला गोल्डन लायन मिळाला.

माझा किस्सा पिंक फ्लॉइड या रॉक बँडचा. १९७३च्या अल्बममधलं 'टाइम', सुरुवातीला एकदम ढीगभर गजर आणि टोल वाजतात. नवे स्पीकर आणलेले, रात्री दीड वाजता लावलं. कार्तिक महिना होता. पाच मिनिटांनी आजी नऊवारी नीट करून, हातात तांब्या घेऊन दारात, "काकड्याला उशीर झाला का रे?" खरी वेळ कळल्यावर म्हणाली, "मेल्या, घड्याळवाल्याच्या दुकानात झोपला होतास का?" गंमत अशी की ते आवाज त्यांचा ध्वनितंत्रज्ञ ॲलन पार्सन्सनं खरोखरच जुन्या घड्याळांच्या दुकानात जाऊन, एकेक घड्याळ वेगळं ध्वनिमुद्रित करून जमवले होते.

मेथीची जुडी

आपल्या त्र्यंबकच्या फाळक्यांनी 'राजा हरिश्चंद्र'च्या (१९१३) आधी कुंडीत वाटाणा लावून त्याची वाढ थोडी थोडी टिपली होती, महिन्याहून जास्त दिवस. मिनिटभरात रोप उगवून वर येतं अशी ती फिल्म. ती दाखवूनच त्यांना पुढच्या सिनेमासाठी पैसे उभे करता आले.

लेकीला हे सांगितल्यावर तिनं बाल्कनीत मेथी पेरली आणि मोबाइल बांधून ठेवला. वेळ कळावी म्हणून कुंडीमागे गजराचं घड्याळही ठेवलं. सहा दिवसांनी पाहिलं तर मेथी हळूच मान वर काढतेय आणि मागे काटे पिसाटल्यासारखे गरगर फिरतायत. मेथीकडे कुणाचं लक्षच जाईना. दुसऱ्या खेपेला घड्याळ काढलं.

बायाँ उतरलाय

हायडनच्या १०१व्या सिंफनीला 'द क्लॉक' म्हणतात. दुसऱ्या भागात बसून हे फुंकवाद्य आणि बोटांनी छेडलेल्या तारा सावकाश टिक-टॉक धरतात, त्यावर बाकीची मंडळी गातात. तबल्याच्या क्लासमध्ये गुरुजींना ऐकवली. डोळे मिटून ऐकली, मांडीवर बोटं चालू. मग म्हणाले, "लयीला पक्कं आहे. पण सम कुठेय?"

आपल्याकडे घड्याळ रागातच असतं. पिंपळपारावर पाडवा पहाटेला गायक पहाटेचा भैरव सोडून उशिराच्या सकाळच्या तोडीकडे वळला की समजायचं, आता घरी फराळाला वाट बघत असतील.

दोन बॅगा

दालीचं वितळणाऱ्या घड्याळांचं चित्र (१९३१) न्यूयॉर्कला पाहिलं. २४ गुणिले ३३ सेंटिमीटर! कॉलेजात पोस्टर होतं तेच याच्या चौपट. नवरा म्हणाला, "एवढंसंच?" मी मात्र नारिंगी घड्याळापाशी अडकले. तेवढं एकच वितळलेलं नाही, आणि नेमकं त्यालाच मुंग्या लागल्यात.

मुहूर्त टळला

वडील पंचवटीत पौरोहित्य करायचे. घरात तांब्याचं घटिकापात्र होतं. तळाला बारीक भोक असलेली वाटी, पाण्यावर ठेवायची, भरून बुडाली की एक घटिका, म्हणजे २४ मिनिटं. लग्नात वरात रखडली की वडील भास्कराचार्यांच्या लीलावतीची आख्यायिका काढायचे. तिच्या दागिन्यातला मोती पात्रात पडला, भोक बुजलं, मुहूर्त कुणाला कळलाच नाही. गोष्ट संपवून घाटाकडे बघत म्हणायचे, "आता मोती नाही, बँड अडकतो."

विंगेतला

@पाठांतर कच्चं, बावीस वर्षं गप्प होतो. सेल मीच घातला, मेकअपरूममधल्या टेपरेकॉर्डरचा. आमच्या आजीनं बजावलं होतं, घरात बंद घड्याळ टांगू नये, अवदसा येते. बक्षीस हुकलं असतं ना, म्हणून.

पाठांतर कच्चं

अरे, आणि दुसऱ्या अंकातलं सनईचं संगीत वाजलं नाही ते म्हणून?!