‘सगळं मोबाईलवर आहे, दादरला बोर्ड कशाला?’ – या पोस्टला उत्तर

पलीकडचा_जिना:
काल इथे एकाने लिहिलं की दादरला लोकल, मेट्रो आणि बेस्टच्या बस एकत्र जोडणं, दिशा दाखवणारे बोर्ड, थांब्यावरचे बसचे इंडिकेटर, ही सगळी कंत्राटदारांची सोय. ज्याला जायचंय तो मोबाईल बघतो. वाचून डोकं फिरलं, म्हणून जरा लांब लिहितोय.

अहो, मोबाईल बघणाऱ्याला दादर पाठ असतं. ज्याला पाठ नाही तो कोण? पहाटे दादर पूर्वेला एसटीतून उतरलेला, एका हाताने म्हाताऱ्या आईला धरलेला, दुसऱ्या हातात रिपोर्टांची प्लॅस्टिकची पिशवी, टाटा हॉस्पिटलला नाहीतर केईएमला निघालेला. तो विचारतो टॅक्सीवाल्याला, आणि टॅक्सीवाला काय सांगणार ते तुम्हाला ठाऊक आहे.

आता भुयारी मेट्रो-३ घ्या. दादरला ती मे २०२५ मध्ये आली. स्टेशन प्लाझा सिनेमा-सेनाभवनाच्या बाजूला, म्हणजे लोकलमधून उतरून फुलवाले, भाजीवाले आणि रानडे रोडची खरेदी पार करून जायचं. समोरच्या बसथांब्याचं अधिकृत नाव वीर कोतवाल उद्यान, आपण म्हणतो प्लाझा, मेट्रो म्हणते दादर. एकाच कोपऱ्याला तीन नावं. नवख्याने कुठल्या नावाने शोधायचं? आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये हीच मेट्रो कफ परेडपर्यंत धावायला लागली तेव्हा खाली मोबाईलला रेंज नव्हती, तिकीट काढता यावं म्हणून वाय-फाय द्यावं लागलं. करा तिथे ‘मोबाईलवर बघा’.

खर्चाचं रडगाणंही नको. ९ डिसेंबर २०२३ ला दादरचे सेंट्रलचे प्लॅटफॉर्म ८ ते १४ केले, वेस्टर्नचे १ ते ७ तसेच ठेवले. त्याआधी एकाच स्टेशनात दोन-दोन ‘एक नंबर’ होते. रंग आणि पत्रे बदलले, एवढंच. हे करायला इतकी वर्षं का लागली, ते विचारा.

चौथी_सीट:
ती पोस्ट माझीच. ‘डोकं फिरलं’ वगैरे ठीक आहे, पण मुद्द्याला कुठे हात लावलात? मी म्हणालो होतो, आधी बस द्या. ९ मे २०२५ ला बेस्टचं किमान भाडं ५चं १० झालं, एसीचं ६चं १२. भाडं दुप्पट, आणि थांब्यावर माणसं माना लांब करून उभीच. त्यांच्या डोक्यावर झकास इंडिकेटर लावलात तर त्यावर काय येणार? ‘बस २५ मिनिटांत’. ते तर मान लांब केली की दिसतंच!

आणि प्लॅटफॉर्मच्या नंबरांचं कौतुक मला सांगू नका. माझे वडील अजून ‘सेंट्रलचा एक नंबर’ म्हणतात, त्यांचे मित्रही तेच म्हणतात, आणि सगळे वेळेवर पोचतात.

पलीकडचा_जिना:
वडील पोचतात कारण ते रोजचे. मी रोजच्यांबद्दल बोलतच नाहीये. आणि २५ मिनिटं आहेत हे कळलं तर माणूस चालत निघतो, शेअर टॅक्सी धरतो. न कळल्यामुळेच तो तिथे अडकतो.

टीटी_सर्कल:
इंडिकेटर राहू द्या, बसवरची पाटी तरी नीट वाचता येऊ दे! पूर्वी बेस्टच्या कपाळावर मराठी आकडा, बाजूला इंग्रजी. लिमिटेड असली की आकडा लाल. खोदादाद सर्कलच्या, म्हणजे दादर टीटीच्या, या टोकाला उभं राहून त्या टोकाची बस ओळखायचो. आता ते दिवे. आधी नंबर, मग ठिकाण सरकत सरकत येणार. ‘…वली’ दिसलं की अंदाज बांधा, कांदिवली का बोरिवली. उन्हात तेही दिसत नाही. आईला मोतीबिंदू आहे, ती आता बसला हात करते आणि कंडक्टरलाच विचारते. त्यात कंडक्टर दारात नसेल तर संपलं.

चौथी_सीट:
याला मात्र शंभर टक्के अनुमोदन. पत्र्याची पाटी कधी हँग झाली नाही.

नवी_कोरी:
सॉरी, पण मराठी आकडे कपाळावर आणि इंग्रजी बाजूला, याचा अर्थ बाहेरच्या माणसाला बस समोरून निघून गेल्यावर नंबर कळणार. माहिती कोणासाठी आहे मग? वरचे म्हणतात नवख्यांसाठी.

टीटी_सर्कल:
आलं! मला वाटतच होतं कोणीतरी येणार. साताऱ्याहून टाटाला आलेला माणूसही नवखाच असतो हो, त्याला मराठी आकडे येतात. दहा आकडे आहेत. चार दिवस राहिलात की येतात. आमच्या चाळीतल्या केरळी आजी शाळेत न जाता शिकल्या होत्या.

नवी_कोरी:
मी मराठीच आहे, आडनाव सांगू का? दोन्ही आकडे समोर, सारख्याच मोठ्या आकारात लावा एवढंच म्हणतेय. लगेच चाळ काढायची गरज नव्हती.

टीटी_सर्कल:
दोन्ही समोर बसत असतील तर लावा. मराठी वरती.

झुरिकचा_पाऊस:
बाहेर बसून बोलतोय असं म्हणाल, पण बोलतोच. इथे झुरिकमध्ये १९९० पासून सगळ्या कँटनला एकच वाहतूक संघटना आहे. रेल्वे, ट्रॅम, बस, तलावातली बोट, एकाच तिकिटात. गाडी येते तेव्हा बस बाहेर उभी असते, कारण वेळापत्रकच एकमेकांना धरून आखलेलं असतं. बोर्ड ही सगळ्यात शेवटची पायरी. तुम्ही शेवटच्या पायरीवरून भांडताय.

चौथी_सीट:
तलावातली बोट! दादरला पावसाळ्यात हिंदमाताला पाणी तुंबलं की तीही सोय होते, एकच तिकीट तेवढं राहिलंय.

सॅटिसखाली:
झुरिकपर्यंत कशाला जायचं, ठाण्याला या. २००९ पासून सॅटिसचा पूल आहे. स्टेशनच्या जिन्यावरून थेट बसच्या मजल्यावर, खालचा मजला रिक्षांना. संध्याकाळी सहाला या आणि बघा. वरती रांगा लागतात, पण रांगा *आहेत*. खाली काय चालतं ते विचारू नका. रिक्षावाला ‘कुठे’ विचारतो, ऐकतो आणि मान फिरवतो. मीटर, शेअरचे दर, जवळचं भाडं नाकारणं, यावर वेगळा धागा काढायला हवा, माझ्याकडे मजकूर तयार आहे.

पलीकडचा_जिना:
काढा वेगळा धागा, कृपया. इथे नको.

लोअर_परळ_डाऊन:
तुमचे विनोद चालू द्या. २९ सप्टेंबर २०१७. एल्फिन्स्टन आणि परळ स्टेशनं जोडणारा पूल. पाऊस होता म्हणून वरचे लोक जिन्यात थांबले, खालून प्रत्येक गाडीची माणसं चढत राहिली. चेंगराचेंगरीत २३ जीव गेले. दोन लाइन जिथे भेटतात तिथली वाट किती रुंद असावी, हा इंटरचेंजचा पहिला प्रश्न. त्यानंतर लष्कराकडून नवा पूल बांधून घेतला, फेब्रुवारी २०१८ मध्ये तयार. म्हणजे मनात आणलं तर काही महिन्यांत होतं. माझं ऑफिस तेव्हा तिथेच होतं. मी त्या दिवशी रजेवर होते. मला ‘ज्याला जायचंय तो बघून घेईल’ हे वाक्य ऐकवत नाही.

चौथी_सीट:
पुलाच्या रुंदीला माझा विरोध कधीच नव्हता. ती पोस्ट बोर्डांबद्दल होती.

लोअर_परळ_डाऊन:
‘पुढे गर्दी आहे, दुसऱ्या पुलाने जा’ असं कोणी खालच्यांना सांगितलं असतं तर? तेसुद्धा प्रवाशाला माहिती देणंच आहे. बोर्ड म्हणा, भोंगा म्हणा.

चौथी_सीट:
…ठीक आहे. भोंगा लावा. बोर्डही लावा, माझं नाव आक्षेप घेणाऱ्यांतून काढा. फक्त उद्घाटनाच्या दिवशी मंत्र्यांचा फोटो बाणापेक्षा मोठा नको.

पलीकडचा_जिना:
यावर एकमत. आणि बाण प्लाझाकडे दाखवणारा असेल तर खाली ‘मेट्रो’ लिहा, ‘वीर कोतवाल उद्यान’ही लिहा आणि ‘प्लाझा’ही लिहा.

टीटी_सर्कल:
टीटी म्हणजे ट्राम टर्मिनस हेही एका कोपऱ्यात लिहा. ३१ मार्च १९६४ ला शेवटची ट्राम बोरीबंदरहून इथेच आली. ती कधी कपाळावर दिवे लावून फिरली नाही.

सॅटिसखाली:
रिक्षांचा धागा काढलाय. या तिकडे.