रिफ्रॅक्टरी म्हणजे वीट की पोरगं?

भट्टीवाला, उद्यमबाग:
बेळगावात फाउंड्रीत 22 वर्षं झाली. आमच्याकडं रिफ्रॅक्टरी म्हणजे फायरब्रिक, म्हणजे आगीत टिकणारी वीट, नाहीतर भट्टीच्या लाइनिंगला (आतल्या अस्तराला) ठोकून भरायची रॅमिंग मास. वितळलेलं बीड 1,400 डिग्रीच्या आसपास असतं, ते पोटात घेऊन ही ढिम्म. परवा धाकटीच्या इंग्रजीच्या पुस्तकात ‘रिफ्रॅक्टरी बॉय’ दिसलं. म्हटलं, छपाईची चूक. तिनं डिक्शनरीच समोर धरली: कुणाचं न ऐकणारा! घरात माझी चेष्टा चाललीय. वीट आणि पोरगं एका शब्दात बसलं कसं? आणि डिफायंटपेक्षा हे वेगळं काय?

खानापूरची मास्तरीण:
लेकीचं बरोबर आहे. शब्द आधी माणसाचाच. मूळ लॅटिन, अर्थ हटवादी. इंग्रजीत आला तो सोळाव्या शतकाच्या शेवटी. सहज न वितळणाऱ्या धातूंना तो लागला अठराव्या शतकात. उपचारांनी न हटणाऱ्या आजारालाही डॉक्टर रिफ्रॅक्टरी म्हणतात. मराठीत तिन्हींना एकच बोल आहे बघा: दाद न देणं. ताप औषधाला दाद देत नाही, पोरगं मास्तरांना, वीट आगीला.
डिफायंटमध्ये तोंडावर ‘नाही’ म्हणणं आलं. 1 नोव्हेंबरची सीमाभागातल्या मराठी माणसांची काळ्या दिनाची फेरी परवानगी नाकारल्यावरही निघाली, ती डिफायंट. तिला कुणी रिफ्रॅक्टरी म्हटलं, तर म्हणणारा पलीकडच्या बाजूचा समजा. हा शब्द कौतुकानं वापरत नाहीत.

निपाणीकर:
इनसबॉर्डिनेट, म्हणजे वरच्याचा हुकूम न मानणारा, विसरलात की ओ. मला आलेल्या नोटिशीत तोच होता. साहेबांनी रविवारी बोलावलं, मी तंबाखूच्या रानात, फोन घरी. हा शब्द वरचा-खालचा हुद्दा असेल तिथंच चालतो. शेजाऱ्याला लावता येत नाही. आमचा कन्नड शेजारी मात्र सगळ्यांना मिळून एकच म्हणतो, ‘हठमारी’.

शहापूरचा:
रिकॅल्सिट्रंट पण घ्या. त्यात लॅटिन टाच आहे. जू मानेवर आलं की मागचा पाय झाडणारा बैल.

भट्टीवाला, उद्यमबाग:
मास्तरीणबाई, ‘दाद न देणं’ लेकीनं वहीत उतरवून घेतलं. पण एक तिलाही ठाऊक नव्हतं. आगीला दाद न देणारी मासही हीटमागून हीट (एक वितळण म्हणजे एक हीट) झिजत जाते; मग आम्ही ब्रेकर लावून ती फोडतो आणि नवी ठोकून भरतो. सोमवारी तेच काम आहे. एवढं सांगून थोडी इज्जत परत मिळवली.